नाताळची गोधडी, घरातल्याच कापडांची

शेजारचे आकाशकंदील उतरले की मी कपाटाची खालची फळी रिकामी करायला घेते. आमचं घर नाशिकला शरणपूर रोडच्या आतल्या बाजूला, चर्चची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर. दिवाळीपासून नाताळपर्यंत कधी सहा आठवडे हाताशी असतात, कधी दहा, आणि हाताने गोधडी शिवायची तर तेवढे लागतातच. डिसेंबर निम्मा सरल्यावर ज्यांच्या मनात येईल की यंदा घरी काहीतरी शिवावं, त्यांनी गोधडी पुढच्या वर्षावर टाकावी. त्यांच्यासाठी गव्हाणीतल्या बाळ येशूखाली अंथरायची लहानशी चौघडी आहे, मोजे आहेत, तारे आहेत. तेही सांगते.

आधी एक गोष्ट, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. नाताळ म्हणून लाल-हिरवं नवंकोरं कापड ताग्याने आणू नका. घरातल्या माणसांनी वापरून मऊ केलेलं सुती कापड घ्या, नवं फक्त तोंडी लावण्यापुरतं. याला कामाचं कारण आहे. शंभरदा धुतलेलं सुती कापड जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं, त्याचा जायचा तो रंग गेलेला असतो, आणि पाच थरांतूनही सुई लोण्यासारखी जाते. नव्या कापडाच्या पाच थरांत बोटं सोलवटतात.

दुसरं कारण मला लग्नानंतर कळलं. माझं माहेर राहुरीकडचं. आई वाकळ म्हणायची, इथे आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गोधडी म्हणायच्या, टाका एकच. १९८९ साली लग्न होऊन नाशिकला आले. त्या पहिल्याच नाताळात आत्याबाईंनी माझ्या अंगावर जी गोधडी पांघरली तिच्यात माझ्या लहानपणच्या परकराचा तुकडा होता, जांभळ्यावर पिवळी फुलं. आईला निरोप धाडून त्यांनी तो मागवून घेतला होता. मी काही बोलू शकले नाही. तेव्हापासून आमच्याकडे हीच रीत आहे: नाताळच्या गोधडीत घरातल्या प्रत्येकाचा एक तरी चौकोन असतो. जो लांब आहे त्याचा असतो, जो गेला त्याचाही असतो.

कापड निवडताना

फळीवरचं सगळं कापड उजेडात पसरा आणि तीन ढीग करा. सुती साड्या, धोतरं, चादरी एकीकडे. सुती सदरे, फ्रॉक, पायजमे दुसरीकडे. तिसऱ्या ढिगात टेरिकॉट, जॉर्जेट आणि ज्याची खात्री नाही ते सगळं. खात्री करायची असेल तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून काडीने पेटवा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. हे मोरीत किंवा सिंकपाशी करा, मुलांना लांब ठेवून. पॉलिएस्टर गोधडीत घालू नका; ते आत सरकतं आणि टाका धरत नाही.

मग प्रत्येक तुकडा दोन्ही हातांत ताणून खिडकीसमोर धरा. जिथे उजेड जास्त आरपार येतो तिथे कापड विरलं आहे. सदऱ्याची कॉलर, खांदे आणि कोपर सोडून द्या. पाठीचं कापड सगळ्यांत टिकाऊ असतं. साडीचा मधला भाग विरतो, पण पदराजवळचा आणि निऱ्यांच्या आतला चांगला राहतो.

नवं लाल कापड थोडं हवंच असेल तर मेन रोडवर किंवा रविवार कारंज्याच्या बाजूला पॉपलीन मिळेल. अर्धा मीटर पुरे. ते आणल्याबरोबर रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, वाळवा, आणि मग ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा जोरात घासा. फडक्यावर लाली आली तर ते कापड गोधडीला नको. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं पुष्कळजणी सांगतात. मी त्या भरवशावर एकदा काम केलं. दुकानातून पक्क्या रंगाचं म्हणून आणलेलं लाल कापड मिठात भिजवून लावलं, आणि पहिल्या धुण्यात मामंजींच्या धोतराचे पांढरेशुभ्र चौकोन गुलाबी झाले. मामंजी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. दुसरं धोतर शिल्लक नव्हतं. म्हणून इतकं बजावून सांगते आहे.

पहिल्यांदा चौघडी

सुई हातात धरून वर्षं झाली असतील तर मोठ्या गोधडीला हात घालायच्या आधी गव्हाणीतल्या बाळ येशूसाठी चौघडी शिवा. दोन संध्याकाळी पुरतात, आणि गोधडीत लागणारं सगळं तिच्यात शिकून होतं. लूकच्या शुभवर्तमानात मरियेने बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत निजवल्याचं आहे. बाळंतं कशाचं करतात हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको: घरातल्या सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत मऊ कापडाचं. म्हणून इथे चकचकीत साटीन लावू नका. आमच्या चौघडीत आत्याबाईंच्या लुगड्याचा तुकडा आहे आणि माझ्या नातीच्या लंगोटाचा आहे.

४० बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा कापा. इस्त्री करा. लांबीत एकदा दुमडा, मग रुंदीत एकदा. २० बाय २५ ची चार पदरी घडी झाली, म्हणून ती चौघडी. हाताने मधून कडेकडे दाबत जा, आत एकही सुरकुती राहता कामा नये. चार टाचण्या कोपऱ्यांना, एक मध्ये. आता मोठमोठे कच्चे टाके घाला, फुलीसारखे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. हे शेवटी उसवायचे आहेत, तेव्हा वेगळ्या रंगाचा दोरा घ्या.

दोरा एका हाताच्या लांबीइतका कापा, खांद्यापासून बोटांपर्यंत. त्याहून लांब घेतला तर तो पिळतो आणि गाठी पडतात. टोकाला लहान गाठ मारा, सुई कडेपासून आतल्या थरात घाला, वर काढा आणि हलका झटका द्या. गाठ कापडाच्या पोटात जाऊन बसते. मग कडेपासून एक बोट आत धावदोरा घालत चौफेर फिरा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन टाक्यांतली जागाही तेवढीच. फेरा पूर्ण झाला की एक बोट आत सरकून दुसरा. दर चार-पाच टाक्यांनी मागची बाजू बघायची सवय लावा. वर सुरेख आणि मागे दोन थर सुटलेले, असं नवशिक्यांचं हमखास होतं.

कडेला ४ सेंटिमीटर रुंद आणि मीटरभर लांब पट्टी लावायची. पट्टीच्या दोन्ही कडा १ सेंटिमीटर आत दुमडून इस्त्री करा, मग मधोमध दुमडून चौघडीच्या कडेवर स्वार करा आणि हेम घाला. येवल्याच्या एखाद्या फाटलेल्या साडीचा बारीक काठ घरात असेल तर पट्टी म्हणून तोच लावा. जरीचा काठ कडक असतो, कोपऱ्यावर आधी नखाने घडी पाडून घ्या.

आमच्याकडे चौघडीचा शेवटचा फेरा मी एकटी घालत नाही. घरात येईल तो एक टाका घालतो. यांनी तीस वर्षांत सुई धरली ती एवढ्याच टाक्यापुरती.

आता गोधडी

नाशिकच्या डिसेंबरात पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तिकडे निफाडला त्याहूनही खाली. मध्यरात्रीच्या उपासनेहून परत येताना दुचाकीवर हात आखडतात. म्हणून मी शिवते ती गोधडी एका माणसाच्या मांडीवर आणि खांद्यावर येईल एवढी असते. तिचं माप साडीनेच ठरवून दिलं आहे. पाचवारी साडी साडेपाच मीटर लांब आणि सुमारे ११५ सेंटिमीटर रुंद. तिच्या चार घड्या घाला: ११५ बाय १३७. कात्री लावायचीसुद्धा गरज नाही. ही झाली गोधडीची पाठ आणि पोट. वरचा पाचवा थर चौकोनांचा.

चौकोन शिवून २० सेंटिमीटरचे भरायला हवेत. शिवणीसाठी चारी बाजूंनी १ सेंटिमीटर माया सोडायची, म्हणजे कापायचे २२ चे. पुठ्ठ्याचा २२ चा चौकोन कापून घ्या आणि त्याच्या कडेने खडूने आखा. टेपने प्रत्येक चौकोन मोजत बसलात तर विसाव्यापर्यंत मापं हललेली असतात. आडवे सहा, उभे सात, एकूण ४२. कापडाचे उभे-आडवे धागे चौकोनाच्या कडांना समांतर राहू द्या. तिरपे कापलेले चौकोन ताणले जातात आणि जोडल्यावर पोक येतो.

४२ चौकोन जमिनीवर मांडून एक रात्र तसेच ठेवा. सकाळी दाराशी उभं राहून बघा. गडद रंग एका कोपऱ्यात गोळा झालेले लगेच दिसतात. मी मामंजींचे चौकड्यांचे सदरे चार बाजूंना विखरून लावते, आणि मधल्या चौकोनांपैकी एक कोरा ठेवते, मालेगावच्या मागावरच्या साध्या मांजरपाटाचा. त्यावर लाल दोऱ्याने साल भरते. पहिल्यांदा भरलं ते १९९८, आत्याबाईंच्या डोळ्यांना सुई दिसेनाशी झाली आणि काम माझ्याकडे आलं त्या वर्षी.

जोडणी मशीनवर केली तरी माझी हरकत नाही. आधी सहा-सहा चौकोनांच्या सात पट्ट्या करा. पहिल्या पट्टीतली माया इस्त्रीने सगळी डावीकडे पाडा, दुसरीतली उजवीकडे, असं आलटून पालटून. मग पट्टीला पट्टी जोडताना चौकोनांचे कोपरे एकमेकांत चपखल बसतात आणि जोडावर कापडाचा गठ्ठा होत नाही. सगळं जोडल्यावर वरचा थर १२२ बाय १४२ भरेल, म्हणजे चारी बाजूंनी साडीच्या घडीबाहेर थोडा येईल. तो तसाच यायला हवा.

हे सगळं आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारपर्यंत संपवा. तो रविवार ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा. ३० नोव्हेंबर हा संत आंद्रियाचा दिवस, आणि शरणपूरचं आमचं चर्चही त्याच्याच नावाचं, त्यामुळे हा हिशोब मला कधी चुकत नाही.

थर लावायला फरशी हवी. पलंगावर गादी दबते आणि खालचा थर ढिला राहतो. साडीची घडी फरशीवर ताणून पसरा, कडांना पाटे-वरवंटे, डबे, जे जड असेल ते ठेवा. वर चौकोनांचा थर सुलट बाजू वर करून. मधोमध बसून बाहेरच्या दिशेने कच्चे टाके घालत जा, आडव्या आणि उभ्या ओळी, दोन ओळींत वीतभर अंतर. सुई फरशीवर खरखर वाजली म्हणजे पाचही थर घेतले. मग बाहेर आलेली कड पाठीकडे वळवा, टोक १ सेंटिमीटर आत दुमडा आणि हेम घाला.

यापुढे धावदोरा. कडेपासून दोन बोटं आत, म्हणजे ३ सेंटिमीटरवर पहिला फेरा, मग आत आत. पहिला फेरा जवळपास पाच मीटरचा भरतो आणि त्यालाच दोन दिवस जातात. बऱ्याचजणी इथेच गोधडी गुंडाळून ठेवतात. ठेवू नका. प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा लहान होत जातो. एकूण एकोणीस फेऱ्यांपैकी नऊ झाले की कामाचा दोन-तृतीयांश भाग उरकलेला असतो. सगळा मिळून सुमारे ५० मीटर धावदोरा आहे. रोज दोन तासांत अडीच मीटर धरले तर तीन आठवडे, म्हणजे नाताळच्या आधी तीन-चार दिवस हाताशी राहतात. ते केकला आणि करंज्यांना लागतातच.

सुई लांब आणि बारीक घ्या. सुई ढकलायला मधल्या बोटात अंगुस्तान हवंच. एका दमात सुईवर तीन-चार टाके घेऊन मगच दोरा ओढा, म्हणजे ओळ सरळ येते. दोरा ओढताना कापड आवळलं गेलं की तिथे चुण्या पडतात. प्रत्येक ओढीनंतर अंगठा ओळीवरून फिरवून ती सैल करा. दोऱ्याचा रंग कापडाशी मिळवू नका. माझ्या गोधडीवर पांढरा दोरा असतो, सगळ्या रंगांवरून सारखा फिरणारा. भिंतीला पाठ टेकून बसा आणि दर अर्ध्या तासाने उठा. मी हे ऐकलं नाही, आता मान दुखते.

शिवताना गोधडी मांडीवरच असते, त्यामुळे शिवणारीला तिची ऊब आधीपासून मिळत असते. माझ्या नातीला हे कळलं आहे. ती संध्याकाळी अभ्यासाची वही घेऊन दुसऱ्या टोकाखाली येऊन बसते आणि तिच्या चौकोनावरून फेरा गेला का ते विचारते.

ज्यांना वेळ कमी आहे त्यांच्यासाठी

मोजे: वर्तमानपत्रावर ४० सेंटिमीटर उंच, तोंडाशी १८ रुंद आणि पाऊल २६ लांब असा मोजा काढा. कापड सुलट बाजूला सुलट लावून दुहेरी करा आणि मगच कापा, नाहीतर दोन्ही तुकडे एकाच पायाचे होतात. टीप मारल्यावर टाचेच्या आणि घोट्याच्या वळणावर मायेला बारीक चिरा द्या, टिपेच्या अलीकडे थांबून. चिरा दिल्या नाहीत तर उलटल्यावर वळण ताठ राहतं. जुनी जीन्स असेल तर उत्तम, फुटलेल्या स्वेटरची वीण तोंडाला लावा. आमच्याकडे मोज्यात महागाचं काही पडत नाही: तिळाची वडी, पेन, बोरं, केसांची पिन.

तारे खणाचे करा. खण कडक असतो, टोकं छान निघतात. ८ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, दर ७२ अंशांवर खूण करा आणि एक सोडून एक खूण जोडत जा, तारा होतो. बाहेरून १ सेंटिमीटर माया. शिवताना एका बाजूला तीन बोटं जागा उघडी ठेवा, आतल्या कोपऱ्यांना चीर द्या, उलटवा, टोकं विणायच्या सुईने हळू बाहेर काढा. आत गोधडीतल्या कातरणांचा चुरा भरा. तो कापसापेक्षा जड असतो, त्यामुळे तारा वाऱ्याने गिरक्या घेत नाही. उघडी बाजू हाताने बंद करा.

टेबलावरच्या कापडाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुन्या सुती साडीचा पदर टेबलाच्या लांबीपेक्षा वीतभर जास्त कापा, कडांना हेम घाला, झालं.

वापर आणि ठेवण

कच्चे टाके २३ तारखेला उसवते. गोधडी उन्हात टाकते, डिसेंबरचं आमच्याकडचं ऊन कोवळं असतं, रंग उडत नाही. २४ ला संध्याकाळी गव्हाणी मांडली की नात चौघडी आत अंथरते, आणि उपासनेहून आल्यावर बाळ येशू त्यावर येतो. गोधडी त्या रात्री घरातल्या सगळ्यांत थोराला मिळते. आता ते मी आणि हे. यांनी गेल्या वर्षी ती माझ्या पायांवर टाकली.

६ जानेवारीनंतर गव्हाणी उतरवतो. गोधडी मशीनमध्ये टाकू नका, पाच थर पाणी पिऊन इतके जड होतात की टाके तुटतात. बादलीत साबणाच्या कोमट पाण्यात पायांनी हलके तुडवा, न पिळता दोघींनी धरून निथळा, आणि गच्चीच्या कठड्यावर आडवी टाका. दोरीवर लटकवली तर आकार ओघळतो. पूर्ण वाळल्यावर घडी घालताना आत वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. पुढच्या वर्षी घडी वेगळ्या रेषेवर घाला, तीच रेषा पुन्हा पुन्हा आली तर कापड तिथेच फाटतं. आणि घडीच्या पोटात एक लहान पुरचुंडी ठेवा: उरलेल्या कापडाचे पाच-सहा तुकडे, त्याच दोऱ्याची गुंडी आणि एक सुई. पहिलं ठिगळ सहाव्या-सातव्या वर्षी लागतं, आणि तेव्हा तसलं कापड शोधून मिळत नाही.